नाताळची गोष्ट उपदेशाविना कशी लिहावी?

प्रश्न: संडे स्कूलच्या (चर्चच्या रविवारच्या वर्गाच्या) ६-८ वर्षांच्या मुलांसाठी लिहितेय. मोठ्यांनाही भिडायला हवी. शेवटी प्रवचनच होतं!

उत्तर १: बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा २रा अध्याय घ्या, मेंढपाळांपाशीच थांबा. मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत, तेही घरात येतात. ते तीन होते असं कुठेच नाही, भेटवस्तू तीन. दोन्ही कालवलं की गर्दी होते आणि नवल हरवतं. गव्हाण दाखवा: कडबा, शेणाचा वास, गुरांचा श्वास. देवदूताआधी अंधार हवा. "म्हणून मुलांनो" आलं की तिथेच कात्री!

उत्तर २: मोठ्यांसाठी लूक २:१९ (अध्याय २, ओळ १९). येशूची आई मरीया तिथे बोलत नाही, मनात ठेवते. तिला उगाच संवाद देऊ नका. पद्य हवं असेल तर ओवी, कवी ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं काव्य ओवीतच आरंभलं. मात्र मोठ्याने वाचून बघा, अडखळलं की शब्द बदला.