मदत हवी आहे: ट्रेकमध्ये भाचीचा वाढदिवस

मंडळी, डिसेंबरात रतनगड ते हरिश्चंद्रगड रेंज ट्रेक करतोय. कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई असा मार्ग, सगळं सामान पाठीवर. सोबत भाची आहे आणि हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामातच तिला सोळावं लागतंय. तिला कुणकुण लागू न देता काहीतरी करायचंय.

केकचं काय करावं? क्रीमचा केक खिंड चढेपर्यंतच लापशी होणार. रव्याचा कोरडा केक डब्यात घट्ट बसवून नेला तर तिसऱ्या दिवसापर्यंत टिकेल का? की रवा, तूप, गूळ नेऊन तिथेच स्टोव्हवर शिरा करावा? (माझं मत शिऱ्याकडे, पण बाकीची पोरं केकसाठी हटून बसलीत.) कोकणकड्यावरच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकायची नाही, म्हणून औक्षण गुहेत करू म्हणतोय. फुगे, फटाके नकोतच. अभयारण्य आहे, शिवाय कचरा आपल्यालाच खाली आणायचाय.

आणखी एक. पोरगी लाजाळू, ग्रुपमधले निम्मे लोक तिला अनोळखी. सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं तर अवघडेल का? आणि पाचनईत जेवण करून देणाऱ्यांना आधी कळवलं तर पुरणपोळी मिळू शकेल का?