शब्दचर्चा : पेंग्विनांची ‘गणना’ की ‘अनुमान’?

मुद्रितशोधक
मुलांच्या विज्ञान मासिकासाठी आलेल्या लेखात हे वाक्य आहे : ‘अंटार्क्टिकातील आर्डली बेटावरच्या तळ्यातील अवसादांचे रासायनिक विश्लेषण करून चिनी शास्त्रज्ञांनी गेल्या 3,000 वर्षांतील पेंग्विनांची गणना केली.’ संशोधन खरं आहे, 2000 साली प्रसिद्ध झालेलं. पण ‘अवसाद’ आणि ‘गणना’ हे दोन्ही शब्द मला खटकतात. काय करावं?

सुनीती_क
‘अवसाद’ पहिल्यांदा काढा. मराठी वाचकाला त्यात खिन्नता, गळून जाणं ऐकू येतं. आपल्याकडे ‘गाळ’ आहे, तो धरणातही साचतो आणि तळ्यातही. परिभाषेच्या कोशात काहीही असो, दहा वर्षांच्या मुलाला गाळ लगेच कळतो.

खडकवेडा
गाळाला माझंही मत. ‘गणना’ मात्र शब्द म्हणून खटकते एवढंच नाही, तिच्यामुळे माहितीच चुकीची होते. शिरगणती म्हणा, खानेसुमारी म्हणा, त्यात कोणीतरी एकेक डोकं, एकेक घर मोजलेलं असतं. इथे एकही पक्षी मोजलेला नाही.

नेमकं काय केलं ते सांगतो, म्हणजे शब्द निवडायला सोपं जाईल. आर्डली हे किंग जॉर्ज बेटाला लागून असलेलं छोटं बेट. तिथे जेंटू, आदेली, चिनस्ट्रॅप हे पेंग्विन वीण करतात. सुन लिग्वांग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तळ्यातून गाळाचा उभा नमुना काढला, पाऊण मीटरही नसेल एवढ्या उंचीचा. त्याचे थर करून प्रत्येकातली मूलद्रव्यं तपासली. गंधक, फॉस्फरस, कॅल्शियम, तांबं, जस्त, सेलेनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि फ्लोरिन ही नऊ एकदमच वाढत होती, एकदमच घटत होती. पेंग्विन क्रिल, म्हणजे समुद्रातले कोळंबीसारखे बारीक जीव, खातात. क्रिलच्या कवचात फ्लोरिन भरपूर असतं. ते शिटेतून बाहेर पडतं आणि बर्फ वितळलं की पाण्याबरोबर तळ्यात उतरतं. यातलं एकेकटं मूलद्रव्य फारसं काही सिद्ध करत नाही, कारण कॅल्शियम खडकातूनही येतं आणि गंधक समुद्राच्या तुषारांतूनही. नऊ जणांचा मेळ बसतो आणि तो ताज्या शिटेतल्या घटकांशी जुळतो, तेव्हा पुरावा उभा राहतो. मला या कामातली ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते.

आता पक्ष्यांचा आकडा या थरांतून मिळतो का? थेट नाही. शिटेचा अंश वाढला तर पक्षी वाढले असतील, किंवा वीण करायची जागा तळ्याच्या जवळ सरकली असेल. आजूबाजूचा खडक जास्त झिजून तळ्यात आला तर पक्षी तेवढेच असूनही शिटेचं प्रमाण घटलेलं दिसेल. म्हणजे हाती येतं ते तुलनेतलं कमीजास्त. गावात आणेवारी लावतात ना, तसं : एकेक कणीस कोणी मोजत नाही, भरल्या पिकाच्या तुलनेत यंदा किती, एवढं ठरवतात. म्हणून माझी सूचना : ‘पेंग्विनांच्या संख्येतील चढउताराचा अदमास बांधला.’

सुनीती_क
चढउतार हवाच. ‘अदमास’ मात्र पटत नाही. अदमास नजरेने होतो, अनुभवी माणूस ढिगाकडे पाहून सांगतो. इथे यंत्रं आहेत, कर्बमापन (किरणोत्सारी कर्बावरून थराचं वय काढणं) आहे, ताडून पाहणं आहे. ‘अनुमान’ घ्या. न्यायदर्शनातली, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातली, त्याची जागाही हीच : डोंगरावर धूर दिसला, अग्नी दिसला नाही, तरी तो आहे असं कारणासह म्हणता येतं. गाळातलं फ्लोरिन हा धूर.

पाणथळ
अनुमानाला आणखी एक आधार देते. अनुमान पुन्हा तपासता येतं, गणना झाली की संपली. 2000 सालच्या कामात 1,800 ते 2,300 वर्षांपूर्वी वसाहत सगळ्यात खालावलेली दिसली आणि तो काळ थंडीचा होता, म्हणून हवामानाकडे बोट गेलं. 2017 मध्ये स्टीफन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी त्याच आर्डली बेटावरच्या गाळातून 8,500 वर्षांचा पट उलगडला. शेजारच्या द्वीपकल्पावरचं, पेंग्विनांची वसाहत नसलेलं यानू तळं त्यांनी तुलनेला घेतलं. त्यांना हवामानाशी सरळ नातं सापडलं नाही. सापडली ती डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीची राख. निदान तीन वेळा मोठ्या उद्रेकानंतर वसाहत जवळजवळ नाहीशी झाली आणि पुन्हा नीट वसायला सरासरी 400 ते 800 वर्षं लागली. राखेच्या वरच्या थरांत फॉस्फरस, जस्त यांचं प्रमाण घटलेलं दिसतं आणि शेकडो वर्षं तसंच राहतं. मुलांच्या लेखात हा भाग यायलाच हवा, संपादकांना माझी विनंती पोचवा.

मुद्रितशोधक
पोचवतो. मग ‘गणना’ कुठेच चालणार नाही का? लेखात सीलचाही एक परिच्छेद आहे.

पाणथळ
तिथे चालेल, पण कशाची ते लिहा. अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावरच्या तळ्यांच्या गाळात सीलचे गळलेले केस टिकून राहतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली खरोखर मोजले गेले आहेत. तेव्हा ‘केसांची मोजणी केली आणि त्यावरून सीलच्या संख्येचे अनुमान काढले’. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. एकोणिसाव्या शतकात फर सीलची अतोनात शिकार झाली, विसाव्याच्या उत्तरार्धात ते त्या बेटावर मोठ्या संख्येने येऊ लागले. आताची ही गर्दी पूर्वीच्या मानाने किती, हे विचारायला लेखी नोंदी पुरत नाहीत, तिथे केस उपयोगी पडतात.

खडकवेडा
‘अनुमान’ मान्य. आणखी एक : लेखात ‘विष्ठा’ असेल तर ‘शीट’ करा. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पक्ष्याची शीट, इतकी नेमकी भाषा हाताशी असताना सरसकट विष्ठा कशाला? ‘ग्वानो’ साचलेल्या, वाळलेल्या थरांसाठी राखून ठेवावा. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेला आहे आणि खताच्या व्यापारात रुळलेला आहे.

मुद्रितशोधक
शीट केलं. शेवटी एक चौकट आहे, तिचं शीर्षक ‘मुमियो’. हा शब्द छपाईची चूक आहे का?

सुनीती_क
चूक नाही. मध्य आशियात मुमियो म्हणजे आपलं शिलाजित. अंटार्क्टिकात हिम-पेट्रेल नावाचे पांढरे पक्षी घरट्याच्या तोंडाशी पोटातलं तेल ओकतात. ते थंडीत थरांवर थर साचून मेणासारखं घट्ट होतं. ते डोंगरातल्या शिलाजितासारखं दिसलं म्हणून सोव्हिएत भूवैज्ञानिकांनी तेच नाव दिलं.

पाणथळ
अंटार्क्टिकातल्या क्वीन मॉड लँड या भागातल्या उंटरसे तळ्याच्या परिसरात या थरांचं कर्बमापन झालं आहे. तिथे पेट्रेल सुमारे 35,000 वर्षं ये-जा करत आहेत असं त्यावरून निघतं. आपलं मैत्री स्थानकही त्याच क्वीन मॉड लँडमध्ये आहे, हे चौकटीत घालता येईल. शीर्षक ‘मुमियो’च ठेवा आणि पहिल्याच ओळीत सांगा की हे दगडातलं शिलाजित नव्हे, पक्ष्यांनी ओकलेल्या तेलाचे थर आहेत.