मदत हवी आहे: भिंत शेजारच्या खड्ड्यात कोसळली, नोटीस मात्र मला

भिंतवाला:
गुरुवारी पहाटे आमच्या बंगल्याची मागची कुंपणभिंत, सुमारे तीस फूट लांबीची, शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खणलेल्या खड्ड्यात कोसळली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली असून तिच्यात रुपयाचे नाणे सहज शिरते. शेजारचे बिल्डर म्हणतात, भिंत जुनीच होती. शनिवारी महापालिकेचा माणूस फाटकावर नोटीस चिकटवून गेला: धोकादायक भाग सात दिवसांत उतरवावा, अन्यथा महापालिका उतरवेल आणि खर्च माझ्याकडून वसूल करेल. ज्याने खड्डा खणला, त्याला कोणी काही विचारत नाही. मला एवढेच सांगा, राडारोडा हलवू की नको?

सह्याद्रीकर:
नोटिशीवर कोणता कायदा आणि कोणते कलम आहे? मुंबईत १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३५४ लागते, महाराष्ट्रातील इतर महापालिकांत १९४९ च्या महापालिका अधिनियमाचे कलम २६४. शिवाय भिंत कोणाच्या हद्दीत आहे, मोजणी झाली आहे का, पंचनामा झाला का, हे काहीच लिहिलेले नाही.

भिंतवाला:
मुंबई नाही, कलम २६४. शहराचे नाव येथे लिहीत नाही. भिंत आमचीच, वडिलांनी १९९४ साली बांधली. मोजणी कशाला हवी? सगळ्या गल्लीला माहीत आहे.

निवृत्त अभियंता:
आज हलवू नका आणि सातव्या दिवसापर्यंत तसाच ठेवूही नका. आधी खड्ड्याची खोली, भिंतीपासूनचे अंतर आणि खणलेल्या बाजूला आधार दिला होता की नाही, हे टेप धरून छायाचित्रांत घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी बसवून तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून वाढते आहे असे समजावे. मग ‘पडण्याच्या कारणाबाबतचे आमचे सर्व हक्क राखून आदेशाचे पालन करीत आहोत’ असे पत्र क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या आणि मगच मलबा उचला. आणखी एक महत्त्वाचे: खड्ड्याच्या काठाला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत का? असतील तर आजच लेखी कळवा. २९ जून २०१९ रोजी पुण्याच्या कोंढव्यात अशाच खोल्यांवर भिंत कोसळून १५ जणांचा जीव गेला होता.

पॉलिसीप्रेमी:
एवढी दगदग कशाला? घराच्या विम्याची भारत गृह रक्षा पॉलिसी असेल तर दावा दाखल करा, जमीन खचण्याचा धोका तिच्यात येतो.

सह्याद्रीकर:
येतो, परंतु खोदकामामुळे खचलेली जमीन त्याच पॉलिसीत वगळलेली असते. लोकांना अर्धे वाक्य सांगू नये.

पॉलिसीप्रेमी:
दावा केल्याशिवाय नाकारला जाईल हे आधीच कसे ठरवले?

कागदपत्रे:
विमा राहू द्या, मूळ मुद्दा आधाराच्या हक्काचा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क असतो. मात्र तो जमिनीपुरता, तिच्यावरील बांधकामाच्या भारासाठी वीस वर्षे असा आधार विनाअडथळा मिळत आल्याचे दाखवावे लागते. १९९४ ची भिंत त्यात बसते, पण ती हद्दीत आहे हे मोजणीच सिद्ध करेल, गल्ली नव्हे. महापालिकेलाच दाव्यात ओढायचे असल्यास १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ खाली एक महिन्याची लेखी पूर्वसूचना लागते, हेही ध्यानात ठेवावे.

चिरेबंदी:
नवी भिंत जांभ्याच्या चिऱ्यांचीच घाला. आमच्या रत्नागिरीच्या घराचा गडगा तीन पिढ्या उभा आहे.

निवृत्त अभियंता:
गडग्याखाली कोणी तळघर खणलेले नसावे.

भिंतवाला:
नोटिशीला मागे दुसरे पान टाचलेले होते, ते आज पाहिले. त्यात प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे कलम ५३ आणि ‘विनापरवाना पत्राशेड’ असे लिहिले आहे. पडलेल्या भिंतीला टेकून आम्ही गाडीसाठी शेड घातली होती. अशी शेड सर्वांकडेच असते, म्हणून लिहिले नाही.

सह्याद्रीकर:
म्हणजे नोटिसा दोन आहेत आणि आपण उत्तर एकाचेच विचारले. शिवाय शेडचा भार भिंतीवर होता, असे बिल्डर उद्याच म्हणेल.

कागदपत्रे:
कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीतच कलम ४४ खाली शेड कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. दोन्ही उत्तरे स्वतंत्र द्या, एकाच पत्रात मिसळू नका. आणि इंजिनिअरला शेडचे खांब स्वतःच्या पायावर होते की भिंतीत रोवलेले, हे स्पष्ट नोंदवायला सांगा.

भिंतवाला:
तीन खांब जमिनीत आहेत, चौथा भिंतीत होता. तो आता खड्ड्यात पडला आहे, त्याचाही फोटो काढतो. मजुरांच्या दोन खोल्या काठालाच आहेत, ते पत्र घेऊन दहा वाजता कार्यालयात जात आहे.