ऊसतोड बायांच्या आरोग्य सर्व्हेसाठी कोबो घ्यावं का? स्वतःचा सर्व्हर लागेल का?

प्रश्न (मांजराकाठ):
नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यात आमची छोटी संस्था आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या आरोग्याचा सर्व्हे दसऱ्याआधी उरकायचाय, कारण एकदा टोळ्या निघाल्या की घरं बंद, मग उन्हाळ्यातच भेट. आत्तापर्यंत कागदी फॉर्म भरून ऑफिसात एक्सेलमध्ये चढवायचो, नाहीतर कार्यकर्त्या फॉर्मचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. प्रश्न नाजूक आहेत, गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालंय का, कितव्या वर्षी, उचल (मुकादमाकडून आगाऊ पैसे) किती घेतलीय वगैरे. तांड्यावर रेंज नाही, बजेटही नाही. कोणी कोबो टूलबॉक्स (मोबाईलवर सर्व्हेचे फॉर्म भरायचं टूल) सांगतं, कोणी सिव्हीसीआरएम. काय घ्यावं?

उत्तर (फडावरून):
सिव्हीसीआरएम चांगलंय पण ते देणगीदार, सभासद, पावत्या, कार्यक्रम यासाठी, वर्डप्रेस, ड्रुपल अशा वेबसाइट बनवायच्या सिस्टीमवर चालतं. तुमचं काम कोबोचं. ॲन्ड्रॉइडवर कोबोकलेक्ट हे त्यांचं ॲप टाका, फॉर्म एकदा डाउनलोड झाला की रेंज नसली तरी भरता येतो, रेंजमध्ये आलात की पाठवायचा. फॉर्म एक्सेलमध्येच बनतो, मराठी लेबल टाका, फक्त 'नेम'च्या कॉलमात साधी इंग्रजी अक्षरं ठेवा. आणि 'रेलेव्हंट' कॉलम वापराच, म्हणजे ऑपरेशन झालंच नाही म्हणाली की पुढचे पाच प्रश्न आपोआप गायब, बाईला उगाच छळायला नको. डेटा उतरवताना एक्सएलएस घ्या, सीएसव्ही थेट एक्सेलात उघडली तर मराठीची पार वाट लागते.

उत्तर (उघडा_कोड):
स्वतःचा सर्व्हर सध्या नकोच. कोबो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा सोर्स कोड कोणालाही घेऊन वापरता येतो; तो फुकट असला तरी बॅकअप, अपडेट, रात्री बंद पडलं तर उठून बघणं हे कोण करणार? कोबोच्या सर्व्हरवर संस्थांसाठी फुकट प्लॅन आहे, दर महिन्याच्या नोंदींना मर्यादा असते ती आधी बघून घ्या. कोबो मुळात ओडीके या ओपन सोर्स सर्व्हे टूलवरच उभं आहे, त्यामुळे उद्या ओडीके सेंट्रलवर (ओडीकेच्या सर्व्हरवर) जायचं ठरलं तरी तोच एक्सेलचा फॉर्म थोड्याफार बदलाने चालतो, तुम्ही एका कंपनीत अडकत नाही. माझ्या मते ओपन सोर्स घ्यायचं खरं कारण हेच, फुकट मिळतं ते नंतर. त्याच बाईला दरवर्षी परत भेटून मागची नोंद पुढे न्यायची असेल तर मात्र अवनी हे ॲप बघा, तेही ओपन सोर्स, इथल्याच संस्थांसाठी बनलेलं, ऑफलाइन चालतं.

उत्तर (सावित्रीची_लेक):
ताई, टूल कुठलंही घ्या पण व्हॉट्सॲपवरचे ते फोटो आजच बंद करा, कळकळीने सांगतेय. ग्रुपमधला एखादा फोन मुकादमाच्या घरातला निघाला तर कोणाचं ऑपरेशन झालंय, कोण किती उचलीत अडकलंय सगळं त्याच्या हातात, आणि पुढच्या हंगामात त्या बाईला कामच मिळणार नाही. आधार नंबर घेऊच नका, गरज काय? नावाऐवजी फॉर्ममध्ये कोड घाला, नाव-कोडची वही ऑफिसात कुलपात. कोबोकलेक्टच्या सेटिंगमध्ये पाठवल्यावर डिलीट हा पर्याय चालू करा म्हणजे भरलेले फॉर्म फोनवर पडून राहत नाहीत. कोबोवर प्रत्येकीला वेगळं लॉगिन द्या आणि सगळा डेटा बघायची परवानगी दोघीतिघींनाच. संमतीचा प्रश्न पहिलाच ठेवा, नाही म्हणाली की फॉर्म तिथेच संपला पाहिजे.

मांजराकाठ:
खूप आभार सगळ्यांचे. कोबोच घेतोय, ग्रुपवरचे फोटो आजच काढायला सांगते. फडावरून दादा, एका तांड्यावर ट्रायल घ्यायच्या आधी फॉर्मची एक्सेल इथे टाकली तर नजर टाकाल का?

फडावरून:
टाका की. फक्त रिकामा फॉर्म टाका, भरलेली एकही नोंद नको.