मदत हवी आहे : पुढच्या चाकाची खटखट, शॉकअप की लोअर आर्म?

राम राम मंडळी. 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 92,000 किमी झालेली. चोपडा-जळगाव रोजचं येणं-जाणं. बारक्या खड्ड्यांतून हळू जाताना पुढे डावीकडून खटखट येते; मोठ्या स्पीडब्रेकरवर मात्र काही नाही. डावा टायर आतल्या कडेला जास्त झिजलाय.

दोन्ही लिंक रॉड (गाडी कलू न देणाऱ्या बारला जोडणारे छोटे दांडे) नवे टाकले, अलाइनमेंट केलं, आवाज तसाच. बोनेट दाबून सोडलं की गाडी एकदाच वर येऊन थांबते, शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही. जॅकवर घेऊन टॉमीने (लोखंडी दांड्याने) बॉल जॉइंट, म्हणजे चाकाचा खालचा फिरता सांधा, हलवून पाहिला, ढिला नाही. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या मागच्या बुशाला (रबरी जोडाला) मात्र चिरा आहेत.

एक मेकॅनिक म्हणतो दोन्ही शॉकअप बदला, दुसरा म्हणतो जुन्याच आर्ममध्ये नुसता नवा बुश प्रेस करून (दाबून बसवून) देतो. शॉकअप जोडीनेच बदलतात हे मान्य, पण ते गेलेत हे आधी पटायला हवं ना! स्ट्रट माउंट (स्ट्रट म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, तो वर बॉडीला जिथे बसतो तो रबरी आधार) कोणीच तपासला नाही.

पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन तोरणमाळचा घाट चढायचाय, त्यामुळे चालढकल नको.

बाहेरून आणून प्रेस केलेला बुश टिकतो, की बॉल जॉइंटसकट आख्खा आर्मच घ्यावा? आणि स्ट्रट न उतरवता माउंट गेलाय हे कसं ओळखायचं?