मुलगी माझ्यासारखीच रात्रीची निघाली. हा स्वभाव की शरीराचं घड्याळ? मदत हवी आहे

रातवा:
नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

मी पहिल्यापासून रात्रीची. दहा वाजता इतरांना झापड येते, तेव्हा माझं डोकं कुठे चालायला लागतं. हिशेबाचं काम करते. अवघड जुळवणी नेहमी रात्री अकरानंतरच सुटते. लहानपणी घरात माझं नाव 'सूर्यवंशी'. वडील पहाटे पाचला उठून आंघोळ करून तयार. 'लवकर निजे, लवकर उठे' इतक्यांदा ऐकलंय की उशिरा उठणं म्हणजे आळस आणि बेशिस्त, हे मनात पक्कं बसलं. अजूनही सुट्टीच्या दिवशी नऊला जाग आली की आधी अपराधी वाटतं, मग उजेड दिसतो.

आता मुलगी पंधरा वर्षांची आहे. दहाव्या वर्षी हाक मारायच्या आत उठायची. गेल्या दोन वर्षांत सगळं उलटं झालं. रात्री बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी उठता उठत नाही. परवा तिच्या खोलीत गेले, तर पलंगाच्या कडेला बसलेली, एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि तशीच झोप लागलेली. मी म्हणाले, "शिस्त म्हणून काही आहे की नाही?" वाक्य तोंडातून गेलं आणि मला वडिलांचाच आवाज ऐकू आला. ती काही बोलली नाही. दुसरा मोजा चढवला आणि गेली. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी वाचायला बसले तर गोंधळ आणखी वाढला. सकाळची माणसं जास्त कर्तव्यदक्ष, नेटकी. रात्रीची जास्त उतावळी, पण नव्या गोष्टींना मोकळी, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं. म्हणजे वडिलांचंच खरं होतं का? तिची वेळ बदलायला मी मागे लागावं की सोडून द्यावं? जाणकारांनी कृपया सांगा. मला तिच्याशी पुन्हा तसं बोलायचं नाहीये.

पिंगळा:
ताई, मी झोपेच्या तक्रारी असणारे रुग्ण बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. सकाळचा-रात्रीचा कल मोजायला हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांची १९७६ सालची १९ प्रश्नांची प्रश्नावली आजही वापरतात. तिच्यात १६ ते ८६ असे गुण मिळतात आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी येतात. दोन्ही टोकांना थोडीच. मानसशास्त्रात स्वभाव ज्या पाच घटकांत मोजतात, त्यांच्याशी हा कल ताडून पाहिला, की कर्तव्यदक्षतेचा संबंध पुन्हा पुन्हा दिसतो. बहिर्मुखतेचा मात्र दर अभ्यासात वेगळाच निघतो. पण कर्तव्यदक्षतेचा संबंधही बेताचाच आहे. तो पुष्कळ माणसांच्या सरासरीत दिसतो. समोरच्या एका माणसाची उठण्याची वेळ ऐकून त्याचा स्वभाव सांगायला गेलात तर हमखास चुकाल.

आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे. शाळा, कचेऱ्या सगळ्या सकाळच्या. रात्रीचा माणूस तेच काम कमी झोपेवर करतो. झोप अपुरी पडली की कोणीही चिडका, विसराळू, उतावळा होतो. मग प्रश्नावलीत उतरतं ते स्वभावाचं मोजमाप की थकव्याचं? शिवाय जो मुळातच नेटका आहे तो ठरल्या वेळी दिवा मालवतो, त्यामुळे त्याचं घड्याळही सकाळकडे सरकतं. म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा बाण दोन्हीकडून जाऊ शकतो.

घड्याळ मात्र खरोखरच शरीरात आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तेच ते. माणसात त्याचा एक फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास असतो, म्हणजे ते रोज थोडं मागे पडू बघतं आणि सकाळचा उजेड त्याला ओढून जागेवर आणतो. २०१९ साली जवळजवळ ७ लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात या कलाशी निगडित ३५१ जागा सापडल्या. तुमचा कल लेकीत उतरला असेल तर नवल नाही.

आता तिच्या वयाचं. रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सुमारे २५ हजार लोकांच्या झोपेच्या वेळा मांडल्या. वयात येताना झोप उशिराकडे सरकत जाते, विशीच्या आसपास टोक गाठते आणि तिथून परत फिरते. मुलींचं टोक मुलांपेक्षा थोडं आधी येतं. मला तुम्हालाच विचारायचंय: हाकेआधी उठणारी दहा वर्षांची मुलगी आणि आताची, यांच्या स्वभावात काय बदललंय?

कवडसा:
मी दुसऱ्या टोकाचा, म्हणून लिहितो. साडेचारला डोळे उघडतात, सुट्टी असो वा ताप. लोक शिस्तीचं कौतुक करतात तेव्हा मला संकोच वाटतो, कारण त्यात मी काही केलेलं नसतं. जाग येते, एवढंच. आणि रात्री नऊनंतर मुलगा काही सांगायला आला की त्याचं निम्मं माझ्यापर्यंत पोचत नाही. त्याचं मन मोकळं होतं तेव्हाच. ही खंत मला आहे.

तुमचे वडील गजर लावून उठायचे का हो?

रातवा:
दोघांचेही मनापासून आभार. पिंगळा, तुमच्या प्रश्नावर रात्री खूप विचार केला. काहीच बदललेलं नाही हो. पुस्तकं अजून उंचीप्रमाणे लावते. वाचनालयाचं पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशी परत करते, मला आठवण करून देते ती वेगळीच. मला तिची फक्त सकाळच दिसत होती.

वडिलांना विचारते. आणि आता करायचं काय, तेही सांगा.

पिंगळा:
मग स्वभावाची चिंता सोडा, झोपेची करा. या वयात आठ ते दहा तास लागतात. ती बारा ते सहा झोपत असेल तर सहाच होतात. शाळेच्या दिवशी तिच्या झोपेचा मध्य येतो तीनला. सुट्टीत दीड ते साडेदहा झोपली तर मध्य सहाला. तीन तासांचा फरक, म्हणजे दर आठवड्याला घड्याळाची वेळ वेगळी असलेल्या दूरच्या देशात जाऊन आल्यासारखं. म्हणून सुट्टीत थोडं जास्त झोपू द्या, पण दुपारपर्यंत नको.

सगळ्यात उपयोगी म्हणजे उजेड. उठल्याबरोबर पडदे उघडा, जमलं तर अर्धा तास बाहेर, मोकळ्या आकाशाखाली. संध्याकाळनंतर दिवे मंद, आणि हातातला मोबाइलही दूर. २०१३ सालच्या एका छोट्या प्रयोगात काही जण आठवडाभर विजेच्या दिव्यांशिवाय तंबूत राहिले, तर त्यांची शरीराची रात्र सुमारे दोन तास अलीकडे आली. उशिरा झोपणाऱ्यांची जास्त सरकली. घरी इतकं होणार नाही, पण दिशा तीच. झोपायची वेळ एकदम ओढू नका, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नकोत. आणि सुट्टीत पोटभर झोपूनही ती मलूल, उदास वाटली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

रातवा:
तीन आठवड्यांनी लिहितेय. आम्ही दोघी मिळून करतोय. रात्री हिशेब मीही टेबलावरच्या लहान दिव्यात करते. ती आता साडेअकराच्या सुमारास झोपते. सकाळी अजून हाका माराव्या लागतात, पण मोजे दोन्ही पायांत असतात. तिला 'त्या दिवशी मी चुकीचं बोलले' असं सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मीच तशी आहे." त्यावर मला बराच वेळ बोलता आलं नाही.

कवडसा, वडिलांना फोन केला. म्हणाले, "गजर कशाला? जाग यायची." मग जरा थांबून म्हणाले, "आता तर साडेतीनलाच येते. पडून राहतो, कुणाची झोप मोडायला नको म्हणून." मी त्यांना सांगितलं, रात्री एकपर्यंत मी जागीच असते आणि लेकही लवकर झोपत नाही. ते म्हणाले, "मग तिला सकाळी ओरडू नकोस."