शाकाहार आणि जड धातू : काळजी कितपत रास्त?

धागाकर्ता
शाकाहार आपोआप निर्धोक असतो, हे गृहीतक तपासायला हवे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली कॅडमियमची सुसह्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २.५ मायक्रोग्रॅम ठरवली आणि शाकाहारी व्यक्तींच्या पोटात याच मापाने ५.४ मायक्रोग्रॅमपर्यंत कॅडमियम जात असावे, असा अंदाजही त्याच वेळी मांडला. हा धातू जमिनीतून आणि फॉस्फेट खतांमधून पिकात उतरतो. धान्ये, तेलबिया आणि पालेभाज्या यांवरच ज्यांचे पोट भरते, त्यांच्या वाट्याला तो अधिक येणारच. शिवाय मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्म्यावर यायलाच १० ते ३० वर्षे लागतात.

प्रतिसाद १
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे आठवड्याला सुमारे ५.८ मायक्रोग्रॅम, ही मर्यादा दिली. त्या मापाने तुमचा ५.४चा आकडाही मर्यादेतच बसतो. दुसरे असे की, पोटात गेलेल्या कॅडमियमपैकी साधारणतः ३ ते ५ टक्केच शरीरात शोषले जाते. धूम्रपानाने शरीरातील कॅडमियमचा साठा जवळजवळ दुप्पट होतो, आणि मिथिलपारा (पाऱ्याचे विषारी संयुग) तर मुख्यतः माशांतून येतो. मग भीती फक्त शाकाहाराचीच का घालायची?

प्रतिसाद २
शोषणाचा मुद्दा उलटाही लागू पडतो, आणि मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. आतड्यात लोह शोषून घेणारी वाहक प्रथिने कॅडमियमलाही आत घेतात, त्यामुळे शरीरातील लोहाचा साठा कमी असेल तर हे शोषण वाढते. वनस्पतिजन्य लोह कमी प्रमाणात शोषले जाते आणि मासिक पाळीमुळे स्त्रियांमध्ये त्याची कमतरता अधिक आढळते; म्हणून सरासरी शाकाहारी माणसाबद्दल बोलत बसण्यापेक्षा लोहाची कमतरता असलेल्या शाकाहारी स्त्रीबद्दल बोलावे. तिने भाज्या सोडायच्या नाहीत, लोहाची तपासणी करून घ्यायची. (धूम्रपानाची तुलना खरी आहे, पण धूम्रपान न करणाऱ्याला तिचा काय उपयोग?)

प्रतिसाद ३
आर्सेनिक कसे विसरलात? पाणी साचलेल्या शेतात ते विरघळून भाताच्या रोपात शिरते आणि कोंड्यात अधिक साठते, म्हणून अजैविक आर्सेनिकसाठी (त्याच्या अधिक विषारी रूपासाठी) आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची मर्यादा पॉलिश केलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, तर बिनपॉलिशला ०.३५ आहे. भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकले की अजैविक आर्सेनिक बऱ्यापैकी घटते, मात्र त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात.

धागाकर्ता
लोहाचा मुद्दा मान्य. पण प्रतिसाद १मधील २५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेने मी निश्चिंत होणार नाही, कारण युरोपीय प्राधिकरण आणि संयुक्त समिती या दोघांनीही लघवीतील कॅडमियम आणि मूत्रपिंडाच्या इजेचे सुरुवातीचे लक्षण यांचाच आधार घेतला असून फरक मुख्यतः गणिताच्या रीतीचा आहे.

प्रतिसाद १
मग लढा खतांशी असायला हवा, ताटाशी नव्हे. शेतात पाणी साचू दिले तर आर्सेनिक वाढते, निचरा केला तर कॅडमियम वाढते. स्वयंपाकघरात बसून हा गुंता सुटणार नाही. युरोपीय संघाने फॉस्फेट खतांतील कॅडमियमवर २०२२पासून मर्यादा घातली, ती मला कोणत्याही आहारसल्ल्यापेक्षा अधिक उपयोगी वाटते.